धर्मगुरूचा दिवस आणि प्रार्थना

प्रार्थना हा शब्द आपल्या मुळशी तालुक्याला नवा नाही. पहाटेची काकड आरती, तिन्हीसांजेचा हरिपाठ, आषाढीची वारी यांच्या सहवासात इथला माणूस लहानाचा मोठा होतो. आपल्या आज्या-पणज्यांची प्रार्थना तर जात्यावर होत असे. गी पॉइतवां आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत मुळशीच्या डोंगराळ गावांतील बायकांनी गायिलेल्या ओव्याही आहेत. हात खुंट्यावर, पीठ पाळीत आणि मुखी विठ्ठलाचे, भावाचे, लेकीचे नाव! काम कोठे संपते आणि प्रार्थना कोठे सुरू होते, असा प्रश्न त्या माउलींना पडला नसावा.

हाच प्रश्न कॅथलिक धर्मगुरूच्या बाबतीत मात्र आपल्याकडे हटकून पडतो. हिंजवडी, बावधन, पिरंगुट या भागांत कारखाने व संगणक कंपन्या आल्यापासून गोव्याची, वसईची, केरळची आणि श्रीरामपूरकडची कॅथलिक कुटुंबे आपल्या शेजारी राहू लागली. त्यांची मुले आपल्या वर्गात आहेत. त्यांच्या घरी येणारे ‘फादर’ आपण पाहतो. वसतिगृहात यावरून झालेला एक वाद मला आठवतो. एका मित्राचे म्हणणे असे, की फादर शाळा चालवतात, आजाऱ्याला भेटतात, हे त्यांचे खरे काम. प्रार्थना ही त्यांची खासगी बाब. दुसरा म्हणाला, की प्रार्थना करणे हेच त्यांचे काम. मग ते चळवळीत आणि सभासंमेलनांत कशाला दिसतात? दोघांची मते उलट असली तरी एका बाबतीत दोघे एकच होते: काम आणि प्रार्थना यांना त्यांनी दोन वेगळ्या खोल्यांत बसवले होते. मी वारकरी घरातला, समाजशास्त्राचा विद्यार्थी. हा वाद ऐकल्यावर या विषयाचे वाचन केले, काही धर्मगुरूंना भेटलो. त्यातून जे उमगले ते येथे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम काही शब्दांचा परिचय करून घेऊ. एका ठरावीक भूभागातील कॅथलिक लोकांचा समुदाय म्हणजे ‘धर्मग्राम’. अशा अनेक धर्मग्रामांचा मिळून ‘धर्मप्रांत’ होतो आणि त्याचा प्रमुख बिशप असतो. बिशप एकेका धर्मग्रामावर एका धर्मगुरूची नेमणूक करतो. पुणे धर्मप्रांताची स्थापना १८८६ साली झाली. पण पुण्यातील कॅथलिकांचा इतिहास त्याहून जुना आहे. पेशव्यांच्या लष्करात गोव्याकडील ख्रिस्ती अधिकारी व शिपाई होते. त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७९२ साली, जागा मिळाली आणि तेथे आजचे नाना पेठेतील सिटी चर्च उभे राहिले. ज्या माणसांच्या बळावर लढाया लढायच्या, त्यांना प्रार्थनेला जागा हवी, हे त्या दरबाराला उमगले होते. पुढे पुणे हे धर्मगुरूंच्या शिक्षणाचेही मोठे केंद्र झाले. १८९३ साली सिलोनातील कँडी येथे सुरू झालेले पेपल सेमिनरी हे विद्यालय १९५५ साली नगर रस्त्यावर आले. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले तरुण येथे तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र शिकतात.

हे शिक्षण संपत आले, की पुढे धर्मगुरू होणाऱ्या तरुणाला आधी ‘डीकन’ या पदाची दीक्षा दिली जाते. त्या वेळी जी वचने घेतली जातात, त्यांत एक वचन प्रार्थनेचे असते. प्रहर प्रार्थना आयुष्यभर चालवीन, असे तो सर्वांसमक्ष कबूल करतो. ही प्रहर प्रार्थना म्हणजे दिवसाच्या निरनिराळ्या वेळी म्हणावयाचा एक नेमच आहे. सकाळची प्रार्थना आणि सायंकाळची प्रार्थना हे त्याचे दोन मुख्य खांब. शिवाय वाचनाची, मध्यंतराची आणि झोपण्यापूर्वीची प्रार्थना. तिचा गाभा म्हणजे बायबलमधील दीडशे स्तोत्रे. पूर्वी ही सर्व स्तोत्रे एका आठवड्यात म्हटली जात. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी या प्रार्थनेची नवी रचना मंजूर केली, तेव्हापासून ती चार आठवड्यांत विभागली आहेत. कामाच्या रगाड्यात सापडलेल्या धर्मगुरूला प्रार्थना घाईघाईने उरकावी लागू नये, हाही त्यामागे एक हेतू होता.

हरिपाठ रोज म्हणणाऱ्या घरातल्या मला या नेमाचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. या स्तोत्रांत सर्व प्रकारचे भाव आहेत. काहींत आनंद आहे, काहींत कृतज्ञता आहे, तर काहींत संताप, आजारपण, मित्राने केलेला दगा आणि देवाने पाठ फिरवली अशी उघड तक्रार आहे. कोणत्या दिवशी कोणते स्तोत्र म्हणायचे हे आधीच ठरलेले. मग ज्या सकाळी मन प्रसन्न आहे, त्या सकाळी हे रडगाणे कशासाठी म्हणायचे? एका वृद्ध धर्मगुरूंना मी हे विचारले. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की ते स्तोत्र त्या दिवशी त्यांचे स्वतःचे नसते. त्यांच्या धर्मग्रामात त्या सकाळी कोणीतरी रडत असतेच, त्या माणसाच्या वतीने ते म्हणायचे असते. प्रहर प्रार्थनेविषयी चर्चची शिकवणही अशीच आहे. ही एकट्याची उपासना नव्हे. म्हणणारा खोलीत एकटा असला तरी ती साऱ्या समुदायाची प्रार्थना असते.

‘वतीने’ हा शब्द मला या विषयाची किल्ली वाटतो. याची साक्ष चर्चच्या कायद्यातही मिळते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८३ साली जारी केलेल्या धर्मसंहितेत धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूची कर्तव्ये सांगितली आहेत. त्याने घरोघर जावे, लोकांची दुःखे व चिंता जाणून घ्याव्यात, आजारी व मरणासन्न माणसांना भेटावे, गरीब, एकाकी आणि घरदार सोडून आलेल्या माणसांकडे विशेष लक्ष द्यावे, असे ५२९ वे कलम सांगते. आणि ५३४ वे कलम सांगते, की नेमणूक झाल्यापासून प्रत्येक रविवारी आणि मोठ्या सणाच्या दिवशी त्याने एक मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाचा विधी, त्याच्याकडे सोपवलेल्या लोकांसाठी अर्पण केलाच पाहिजे. एरवी एखाद्या कुटुंबाच्या विनंतीवरून, मृत वडिलांसाठी किंवा आजारी मुलासाठी, मिस्सा अर्पण केली जाते आणि त्या वेळी ते कुटुंब काही दक्षिणा देते. पण रविवारची ही मिस्सा सर्वांची असते, तिच्यासाठी दक्षिणा घ्यायची नसते. त्याला काही अडचण आली तर त्याने दुसऱ्याकडून ती अर्पण करवावी किंवा दुसऱ्या दिवशी स्वतः करावी. चुकलेल्या मिस्सा शक्य तितक्या लवकर भरून काढाव्यात, इतका हा नियम काटेकोर आहे.

येथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. घरभेट आणि प्रार्थना या दोन्ही गोष्टी एकाच कर्तव्याच्या यादीत, जवळजवळच्या कलमांत आल्या आहेत. ज्याने आठवडाभर घरे पाहिलीच नाहीत, त्याची रविवारची प्रार्थना कोणासाठी? तिच्यात नावे येणार कोठून? आणि ज्याने घरे पाहिली, पण पाहिलेले सारे स्वतःच्याच खांद्यावर वाहिले, तो किती दिवस टिकेल? पहिल्या प्रकारची प्रार्थना पोकळ होते, दुसऱ्या प्रकारचे काम माणसाला मोडून टाकते. रविवारच्या मिस्सेत ‘विश्वासू जनांची प्रार्थना’ नावाचा एक भाग असतो. तीत राज्यकर्त्यांसाठी, दुःखितांसाठी आणि त्या त्या गावच्या गरजांसाठी विनंत्या केल्या जातात. प्राचीन काळचा हा भाग मधली अनेक शतके लुप्तप्राय झाला होता. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तो पुन्हा सुरू करावयास सांगितले. आठवड्याची कामे आणि रविवारची प्रार्थना यांना जोडणारा तो एक दुवाच म्हणावा लागेल.

ही जोडणी मी एकदा जवळून पाहिली. माझ्या एका कॅथलिक वर्गमित्राचे आजोबा हिंजवडीजवळच्या दोन खोल्यांच्या घरात शेवटच्या आजारात पडून होते. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितले होते. सायंकाळी फादर आले. त्यांनी प्रथम आजोबांशी दोन शब्द बोलून घेतले. मग काही न बोलता दोन्ही हात त्यांच्या मस्तकावर ठेवले. ती शांतता बरीच लांबली असे मला वाटले. नंतर लहानशा डबीतील तेल त्यांनी आजोबांच्या कपाळाला आणि तळहातांना लावले. सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. आजोबांचे ओठ तेवढ्यापुरते हलले. विधी पंधरा मिनिटांत आटोपला. पण फादर उठले नाहीत. आजीजवळ बसून औषधांचा खर्च कसा भागतो, रात्री जागायला कोण असते, याची त्यांनी चौकशी केली. दुसऱ्या दिवसापासून धर्मग्रामातील दोन तरुण रात्री आळीपाळीने येऊ लागले.

या विधीला ‘रुग्णाभ्यंग’ म्हणतात. त्यासाठी वापरायचे तेल बहुधा बिशप दर वर्षी गुड फ्रायडेच्या आसपासच्या एका खास उपासनेत आशीर्वादित करतात. पूर्वी हा विधी अगदी मरणाच्या दारातच करीत. त्यामुळे फादर घरी आले म्हणजे आता सारे संपले, अशी धास्ती लोक घेत. १९७२ साली या विधीत सुधारणा झाली. हा विधी मरणाऱ्यापुरता नसून गंभीर आजारी किंवा वृद्ध माणसासाठी आहे, हे स्पष्ट करण्यात आले. ऑलिव्हचे तेल मिळत नसेल तेथे दुसरे कोणतेही वनस्पतिजन्य तेल चालेल, अशी मुभाही मिळाली. विधीत बरे होण्यासाठी मागणे आहे. पण औषध सोडा, असे त्यात कोठेही नाही. ज्या चर्चने जगभर दवाखाने उभारले, ते असे सांगणारही नाही. मग वैद्यकाचे हात टेकल्यावर प्रार्थनेने काय साधते? माझ्यापुरते उत्तर मी त्या खोलीत पाहिले. आजारी माणूस ही सोडवायची एक अडचण उरली नाही. तो पुन्हा एकदा घरातील, गावातील आणि देवाचा माणूस झाला. आणि रात्री जागायला येणारी माणसे त्या तेलाच्या मागोमागच आली.

धर्मगुरूच्या कामाचा आणखी एक भाग बाहेरच्यांना अजिबात दिसत नाही. तो म्हणजे पापनिवेदन ऐकण्याचा. माणसे येतात, आपले अपराध सांगतात, क्षमा व उपदेश घेऊन जातात. ऐकलेले कोणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगायचे नाही, असा कडक दंडक आहे. तो मोडणाऱ्यास चर्चची सर्वांत मोठी शिक्षा, म्हणजे बहिष्कार, भोगावी लागते. समुपदेशकाला आपल्या वरिष्ठांचा सल्ला घेता येतो, डॉक्टरांना दुसऱ्या डॉक्टरांशी बोलता येते. धर्मगुरूला मात्र ऐकलेले ओझे कोणापुढेही उतरवता येत नाही. देवापुढे बसणे एवढी एकच वाट त्याला मोकळी राहते. या बाजूने पाहिले म्हणजे प्रार्थना ही त्याच्या कामाची किती रोकडी गरज आहे, हे ध्यानात येते.

या संदर्भात फ्रान्समधील आर्स या खेड्याचे धर्मगुरू जॉन व्हिआनी (१७८६–१८५९) यांचे नाव घेतले पाहिजे. सारे कॅथलिक जग त्यांना धर्मग्रामाच्या धर्मगुरूंचा आश्रयदाता संत मानते. अभ्यासात ते बेताचेच; लॅटिन त्यांना नीट येत नसे. १८१८ साली ते आर्सला आले तेव्हा गाव दोन-अडीचशे वस्तीचे होते. पुढे त्यांच्याकडे पापनिवेदनासाठी दूरदूरहून लोकांची रीघ लागली आणि दिवसाचे कितीतरी तास ते त्या लाकडी खुर्चीत अडकून पडू लागले. एकांतात प्रार्थना करावी या ओढीने त्यांनी एकापेक्षा अधिक वेळा गाव सोडून जाण्याचा प्रयत्न केला, आणि प्रत्येक वेळी ते परत आले. प्रार्थनेसाठी लोकांपासून दूर जावे, की लोकांसाठी प्रार्थना बाजूला ठेवावी, ही ओढाताण संतालाही सुटली नाही, तर सामान्य धर्मगुरूची काय कथा!

या ओढाताणीचे एक उत्तर सतराव्या शतकात संत व्हिन्सेंट द पॉल यांनी दिले होते. गरिबांची शुश्रूषा करणाऱ्या भगिनींना ते सांगत, की प्रार्थनेच्या वेळी एखाद्या गरिबाने हाक मारली तर खुशाल उठून जा. तुम्ही देवाला सोडून देवाकडेच जात आहात. पण रोजची प्रार्थना चुकवू नका, असेही तेच व्हिन्सेंट सांगत, हे विसरून चालणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मगुरूंविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात ही अडचण मोकळेपणाने मान्य केली आहे. नाना कामांनी फाटून जाणाऱ्या धर्मगुरूने आपले आयुष्य एकसंध कसे ठेवावे, हा प्रश्न त्यात विचारला आहे. वेळापत्रक नीट आखणे किंवा नुसता भक्तीचा सराव एवढ्याने हे साधणार नाही, असे सांगून, मेंढपाळाच्या प्रेमाने लोकांना वाहून घेणे आणि त्या प्रेमाचा झरा ख्रिस्तप्रसादाच्या विधीत शोधणे, हा मार्ग परिषदेने दाखवला.

प्रार्थना पळवाट होऊ शकते, हा आक्षेप खोटा नाही. तो बाहेरून कोणी घ्यायला नको. येशूनेच तो घेतला आहे. चोरांनी लुटून रस्त्यात टाकलेल्या जखमी माणसाची त्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या वाटेने प्रथम जाणारा आणि बाजूने निघून जाणारा माणूस याजक होता, आणि थांबणारा माणूस परका शोमरोनी. दुसरीकडे, संध्याकाळभर आजाऱ्यांना बरे केल्यावर येशू पहाटे अंधारातच उठून एकांती प्रार्थनेला गेला आणि तेथून उठून तो पुढच्या गावांना निघाला, असेही शुभवर्तमानात आहे. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे कसोटी हाती लागते. जी प्रार्थना माणसाला पुढच्या गावाला नेते ती खरी; जी त्याला रस्त्याच्या कडेने न्यायला शिकवते ती संशयास्पद.

आपल्या महाराष्ट्रात या कसोटीला उतरलेले उदाहरण म्हणजे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’ मासिकाचे त्यांनी अनेक वर्षे संपादन केले. वसईची शेती, पाणी व हिरवाई वाचवण्यासाठी झालेल्या हरित वसई चळवळीत ते अग्रभागी होते. ‘सुबोध बायबल’ हा त्यांचा ग्रंथ. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. धर्मगुरूने या पदावर कशाला यावे, असा आक्षेप तेव्हा काहींनी घेतला होता. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले, तोपर्यंत ते धर्मगुरूच राहिले. दुपारची सभा आणि सकाळची मिस्सा यांत त्यांना निवड करावी लागली नाही. ज्या माणसांसाठी वेदीपुढे उभे राहायचे, त्यांच्याच विहिरींच्या पाण्याचा तो प्रश्न होता.

लोकांच्या वतीने प्रार्थना करायची तर ती लोकांच्या भाषेत हवी, हे ओघानेच आले. मराठीच्या विद्यार्थ्यांना हे सांगायला नकोच. मूळचे इंग्लंडचे आणि १५७९ साली गोव्यात आलेले येशुसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेले ‘ख्रिस्तपुराण’ अकरा हजारांच्या आसपास ओव्यांत रचले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांना गाण्या-ऐकण्याजोगे काही हवे होते. ती गरज ओळखणे हे धर्मगुरूचेच काम होते, आणि ते त्यांनी आपल्या ओवीत केले. विधीची भाषा मात्र पुढेही साडेतीनशे वर्षे लॅटिनच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीतून होऊ लागली आणि श्रीरामपूरकडच्या शेतमजुराला आपला धर्मगुरू आपल्यासाठी काय मागतो आहे, ते शब्दशः कळू लागले.

शेवटी २०२० सालची आठवण. टाळेबंदीत देवळे, मशिदी, चर्च सारी बंद झाली. पंढरीची वारीसुद्धा पायी झाली नाही. पादुका बसने गेल्या. २७ मार्च रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील संत पीटर चौकात पावसात, रिकाम्या पटांगणापुढे, जगासाठी प्रार्थना केली. ठिकठिकाणचे धर्मगुरूही कुलूपबंद चर्चमध्ये रिकाम्या बाकांसमोर मिस्सा अर्पण करीत होते. ऐकायला कोणी नसताना चाललेल्या त्या विधीला काय अर्थ, असे कोणी विचारील. पण लोकांसाठी, लोकांच्या वतीने, ही त्या मिस्सेची अटच असल्याने लोक नसताना ती थांबवण्याचे कारण नव्हते. आणि मिस्सा झाल्यावर त्यांतील कितीतरी जण फोन घेऊन बसत, कोणाच्या घरी कोण आजारी आहे याची यादी करीत, शिधा पोचवण्याची व्यवस्था पाहत.

ती यादी आणि ती प्रार्थना यांत नावे तीच होती. मित्रांच्या त्या वादाला माझ्याजवळ एवढेच उत्तर आहे. आपली श्रद्धा कोणतीही असो, किंवा नसो. शिक्षक, डॉक्टर, ग्रामसेवक, समाजकार्यकर्ता होऊ पाहणाऱ्या आपणा सर्वांना त्यात घेण्याजोगे काही आहे. ज्यांच्यासाठी आपण काम करणार, त्यांची नावे दिवसातून एकदा शांतपणे आठवण्याइतका वेळ आपण ठेवणार आहोत का?